रमजानच्या तोंडावर खान्देश

शबे बरात होऊन चार दिवस झाले होते. रमजान सुरू होण्याआधी एकदा गावाकडे जाऊन यावे, म्हातारी माणसे भेटावीत, वर्षाचे तिखट आणि डाळ भरावी, असे दरवर्षी ठरते आणि राहून जाते. फेब्रुवारी २०२५ मध्ये आम्ही ते खरेच केले. कल्याणहून रात्रीच्या गाडीत बसलो. सोबत दोन रिकाम्या गोण्या, एक तेलाचा डबा आणि आमची बारा वर्षांची मुलगी. डबा कशाला, असे तिने विचारले, तेव्हा आम्हीही हसलो. पूर्वी खान्देशातून परतताना डब्यात घाण्याचे शेंगदाणा तेल यायचे. सवयीने डबा घेतला होता.

आमचे आजोबा पिंजारी. धनुकली खांद्यावर घेऊन एरंडोल-पारोळ्याच्या खेड्यांत फिरायचे, कापूस पिंजून गाद्या-रजया भरून द्यायचे. मजुरी बहुतेक धान्यात मिळायची. एका रजईला इतकी पायली ज्वारी, असा करार. आजी सांगायची, बाजारात ज्वारीचा भाव वर जावो की खाली, आमच्या घरातली भाकरी तेवढीच राहायची. अर्थात, पाऊस पडला नाही की शेतकऱ्याकडेच धान्य नसायचे आणि मग रजईही कोणी भरून घ्यायचे नाही. जुना काळ सुखाचा होता, असे आम्हाला म्हणायचे नाही. मात्र मजुरी वस्तूत मोजायची ती रीत या प्रवासात आम्हाला वारंवार आठवत राहिली.

जळगाव : डाळ, सोने आणि वांगे

पहाटे जळगावला उतरलो. मामेभावाचे घर मेहरूण भागात. चहाबरोबर भाभींनी ताटलीत बोरे ठेवली. मेहरूणची बोरे, हंगाम संपत आलेला, तरी गोडी तीच. तोंड धुवून आम्ही भावासोबत दाणा बाजारात गेलो.

जळगाव हे डाळीचे गाव. इथल्या औद्योगिक वसाहतीत डाळीच्या गिरण्या एकमेकींना लागून आहेत, आणि इथली तूरडाळ, चणाडाळ, उडीद देशभर जाते. भाऊ अशाच एका गिरणीत हिशेब बघतो. त्याने आम्हाला डाळीचे गणित समजावले. शंभर किलो तूर गिरणीत घातली की सत्तर-पंचाहत्तर किलो डाळ हाती येते. उरलेली चुणी आणि टरफल जनावरांच्या खाद्याला जाते. सरकारने २०२४-२५ च्या हंगामासाठी तुरीचा हमीभाव क्विंटलला ७,५५० रुपये ठरवला होता. म्हणजे किलोभर डाळीत नुसती तूरच शंभर रुपयांच्या आसपासची. त्यावर वीज, हमाली, पोती, गाडीभाडे आणि दुकानदाराचा नफा.

"मग गेल्या वर्षी पावणेदोनशेपर्यंत कशी गेली होती?" आम्ही विचारले.

"तूरच नव्हती," तो म्हणाला. "आता नवी आली, भाव उतरला. तुम्हाला बरे वाटते, शेतकरी डोक्याला हात लावून बसलाय. बाजारात हमीभावसुद्धा निघत नाही."

त्याने एक पोते दाखवले. त्यातली तूर आपल्याकडच्या तुरीहून वेगळी दिसत होती. ती आफ्रिकेतली. मोझांबिक, मलावी, टांझानिया आणि इकडे म्यानमार, या देशांतून तूर जहाजाने येते. सरकारने तेव्हा तिच्यावरचे आयात शुल्क माफ केले होते, कारण आपण पिकवतो त्याहून जास्त खातो. खान्देशच्या घरात शिजणारे वरण समुद्र ओलांडून आलेले असू शकते, हे आमच्या मुलीला फार नवलाचे वाटले. आम्ही दहा किलो डाळ घेतली. भावाने सवलत मिळवून दिली, तरी हिशेब मनात चालूच राहिला. महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामावर २०२४-२५ मध्ये दिवसाला २९७ रुपये मिळत होते. दिवसभर माती उपसून दोन किलो डाळ आणि वर थोडे सुटे पैसे, बस.

दुपारी भाभींना सराफ बाजारात जायचे होते. मुलीचे लग्न रमजान ईदनंतर. जळगावचे सोने शुद्धतेसाठी नावाजलेले, लांबलांबून लोक खरेदीला येतात. त्या दिवशी तोळा पंच्याऐंशी हजारांच्या पुढे होता आणि चांदी किलोला पंच्याण्णव हजारांच्या पुढे. दुकानात गर्दी होती, पण नीट पाहिले तर निम्मी माणसे जुने दागिने मोडून नवे घेणारी, आणि काही तर नुसती मोडणारी. भाभींनी स्वतःच्या बांगड्या मोडून मुलीसाठी हार केला. घराबाहेरचा पैसा फारसा लागला नाही, याचे समाधान त्यांच्या चेहऱ्यावर होते. हात मात्र त्यांनी ओढणीखाली घेतला.

रात्री जेवायला भरीत आणि कळण्याची भाकरी. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, आणि त्याच वर्षी जळगावच्या केळीलाही. हिरवट पांढरे, मोठे, कमी बियांचे हे वांगे काड्यांच्या जाळावर भाजतात, ठेचतात आणि मग हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात. गरिबाचे जेवण म्हणून ज्याची ओळख, त्यात लसूण आणि तेल किती लागते ते भाभींनी सांगितले. डिसेंबरात लसूण चारशेच्या घरात होता, तेव्हा त्यांनी भरीत दोनदाच केले होते.

अमळनेर : तेलाचे गाव

दुसऱ्या दिवशी सकाळी सुरतकडे जाणाऱ्या गाडीने निघालो. जळगाव, धरणगाव, अमळनेर. डब्यात धरणगावला शेतमजूर बायका चढल्या. एकीला विचारले, "काय भाव शे वेचणीले?" अहिराणी ऐकताच ती सरकून बसली. वेचणी किलोला दहा रुपये, ती म्हणाली. कपाशी भरात असताना दिवसाला तीस-चाळीस किलो व्हायची, आता फरदडीत पंधरा किलो झाला तरी खूप. शेतकऱ्याचे गाऱ्हाणे वेगळे : त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाला हमीभाव ७,५२१ रुपये होता, पण खेडा खरेदीत व्यापारी सात हजारांच्या आतबाहेर देत होता. वेचणीचे दहा रुपये त्याला जड आणि तिला अपुरे. दोघेही आपापल्या जागी खरे बोलत होते.

तिने आणखी एक गोष्ट सांगितली. लाडकी बहीण योजनेचे दीड हजार येतात, रेशनवर माणशी पाच किलो धान्य फुकट मिळते. "मंग भाकरना प्रश्न नही," ती म्हणाली, "भाकरीसंगे काय खावानं तो प्रश्न शे." आम्ही तिच्याकडे पाहत राहिलो. त्या वेळच्या महागाईचे इतके नेमके वर्णन आम्ही वर्तमानपत्रात वाचले नव्हते. ऑक्टोबर २०२४ मध्ये देशात अन्नपदार्थांची महागाई वर्षभरात १०.८७ टक्के वाढली होती, आणि त्यात भाजीपाला ४२ टक्क्यांनी. धान्याने पोट भरते. डाळ, तेल, भाजी, दूध, अंडी हे ज्याच्यामुळे मुले वाढतात, ते सगळे बाजारातून आणायचे.

अमळनेर स्टेशनवर उतरलो. हे गाव साने गुरुजींचे. प्रताप हायस्कूलमध्ये ते शिक्षक होते. प्रेषितांचे जीवन आणि मुस्लिम संस्कृती मराठी माणसाला कळावी म्हणून त्यांनी ‘इस्लामी संस्कृती’ हे पुस्तक लिहिले. हेच गाव विप्रोचेही. आज संगणकाच्या व्यवसायातली ही कंपनी २९ डिसेंबर १९४५ रोजी वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स या नावाने स्थापन झाली, आणि तिचे काम होते वनस्पती तूप आणि तेल. संस्थापक मुहम्मद हाशम प्रेमजी. १९६६ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा एकवीस वर्षांचे अझीम प्रेमजी अमेरिकेतले शिक्षण सोडून आले आणि त्यांनी हा कारखाना हाती घेतला. अमळनेरच्या ज्या घरांनी कंपनीचे शेअर जपून ठेवले, ती घरे पुढे श्रीमंत झाली, हे तिथला रिक्षावालाही सांगतो. आमच्या रिक्षावाल्याने जोडून सांगितले की त्याच्या आजोबांनी विकून टाकले होते.

कारखाना इथेच का आला? कारण खान्देशात शेंगदाणा पिकत होता. बी शेतातले, घाणा गावातला, तेल घरातले. आज देशाला लागणाऱ्या खाद्यतेलातला अर्ध्याहून मोठा वाटा बाहेरून येतो. पामतेल इंडोनेशिया आणि मलेशियातून, सोयाबीन अर्जेंटिना-ब्राझीलमधून, सूर्यफूल रशिया-युक्रेनमधून. १४ सप्टेंबर २०२४ पासून सरकारने कच्च्या तेलावरचे आयात शुल्क शून्यावरून वीस टक्क्यांवर नेले. इथल्या तेलबिया पिकवणाऱ्याला भाव मिळावा हा हेतू. दिल्लीत कागदावर सही झाली आणि चार-आठ दिवसांत आमच्या गल्लीतली तेलाची पिशवी वीस-पंचवीस रुपयांनी चढली. सोयाबीनवाल्याला त्यातले काय मिळाले ते त्यालाच विचारावे. त्यालाही या हंगामात हमीभावासाठी रांगेत उभे राहावे लागले.

एका घाण्यावर शेंगदाणा तेलाचा भाव विचारला. ऐकून आम्ही रिकामा डबा तसाच उचलला आणि बसस्थानकाकडे वळलो.

धुळे : फुफीची वही

अमळनेरहून धुळ्याची एस.टी. भाडे नुकतेच, २५ जानेवारीपासून, जवळजवळ पंधरा टक्क्यांनी वाढलेले. बायकांना अर्धे तिकीट असल्याने आमचा मेळ बसला. मुलगी म्हणाली, "अब्बू, तुमचंच तिकीट महाग." बस हसली.

धुळे हे सरळ रस्त्यांचे शहर, पांझरेच्या काठी. फारुकी सुलतानांच्या काळापासून खान्देशचे नाव कापडाशी जोडलेले आहे. १८५७ नंतर उत्तरेतून निघालेले विणकर मालेगाव, भिवंडी, बऱ्हाणपूर, धुळे इथे वसले. हातमागाचे यंत्रमाग झाले. ऐंशी फुटी रस्त्याच्या आतल्या गल्ल्यांत शिरले की खटखट सुरू होते आणि बोलताना आवाज आपोआप चढतो. फुफीचे घर अशाच गल्लीत. फुफा तीस वर्षे माग चालवतात.

फुफीने आम्हाला पाहून दारातच गळ्याला लावले. जेवणाला बट्टी, वरण आणि शेवभाजी. मागच्या वेळी आलो होतो तेव्हा गोश्त होते. "शेवभाजी तुम्हाला आवडते ना, म्हणून मुद्दाम," फुफी म्हणाली. आम्ही आवडीने खाल्ली. आमच्या मुलीने मात्र विचारले, "फुफीदादी, तुमच्या बांगड्या कुठे?" फुफी हसली. "सोन्याला भाव चांगला आला बेटा, दिल्या विकून." पैसे कशाला लागले, ते नंतर कळले. मोठ्या मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता. पहिल्या वर्षाची फी बांगड्यांतून गेली.

धाकटा मुलगा सतरा वर्षांचा. बारावीत असायला हवा होता. संध्याकाळी तो आला, केसांत कापसाचे तंतू. दिवाळीपासून तो कारखान्यात कांड्या भरायला जातो. आम्ही काही बोलायच्या आत फुफा म्हणाले, "सालभराचा प्रश्न आहे. मुलीची फी निघाली की त्याला परत बसवतो." मुलगा खाली मान घालून जेवत होता.

रात्री मागांचा आवाज थोडा कमी झाला तेव्हा फुफीने वही काढली. ती सातवी शिकलेली, पण हिशेब पक्का. तिच्या परवानगीने तो इथे देत आहोत, कारण अशी वही आपल्यापैकी पुष्कळ घरांत असेल. फुफांची मजुरी मीटरवर, आठवड्याला हातात येते. सगळे दिवस वीज राहिली, सूत वेळेवर आले, तर तेहतीसशे. महिन्याला धरून साधारण तेरा हजार. किराणा, तेल, दूध, भाजी मिळून ७,८००. घरभाडे २,५००. लाइट बिल ९००. गॅस आठशेच्या पुढे. राहिले हजारभर. त्यात सासूचे औषध, कपडा, मरण-तोरण. दूध दिवसाला एक लिटरचे अर्धा झाले. तेल चार किलोचे तीन.

आम्ही मनात टक्केवारी काढली. शंभरातले साठ रुपये अन्नावर. जर्मनीतल्या अर्न्स्ट एंगेल नावाच्या सांख्यिकी तज्ज्ञाने १८५७ मध्ये एक नियम मांडला होता : घर जितके गरीब, तितका अन्नावरचा वाटा मोठा. केंद्र सरकारच्या २०२३-२४ च्या पाहणीत शहरी घरांचा हा वाटा सरासरी चाळीसच्या आसपास आणि ग्रामीण घरांचा सत्तेचाळीस निघाला. आमच्या कल्याणच्या घरात तो तीसच्या आसपास असावा. म्हणून डाळ दहा रुपयांनी वाढली की आम्ही कुरकुरतो, आणि फुफीच्या घरातला मुलगा कारखान्यात जातो.

"मजुरी किती वर्षांत वाढली नाही?" आम्ही फुफांना विचारले.

"वाढते की," ते म्हणाले. "मीटरमागे चार-पाच पैसे. मालकही काय करणार? सूत महाग, वीज महाग, कापडाला उठाव नाही. तोसुद्धा आमच्यासारखाच दोन मागांपासून वर आलेला." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. आम्हाला मात्र वाटले, थोडा असायला हवा होता. मजुराचा घाम वाळण्याआधी त्याची मजुरी द्यावी, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आपण मुलांना पाठ करून घेतो. फुफांचा मालक मजुरी वेळेवर देतो. पण वेळेवर दिलेल्या मजुरीत घर चालते का, हे विचारायला कोणी उरलेले नाही.

फित्रा किती जाहीर होईल?

निघायच्या दिवशी सकाळी फुफीने सहज विचारले, "यंदा फित्रा किती जाहीर होईल रे? गहू तर चढलाय."

आम्ही चमकलो. सदका-ए-फित्र म्हणजे हनफी हिशेबाने अर्धा साअ गहू, सुमारे पावणेदोन ते दोन किलो, किंवा त्याची बाजारभावाने किंमत. दरवर्षी मशिदीतून रक्कम जाहीर होते. गहू चढला की फित्रा चढतो. रुपया कितीही घसरो, घेणाऱ्याच्या घरात पोहोचणारा गहू तेवढाच राहतो. आजोबांच्या पायलीचीच ही रीत. जकातीचा निसाबही असाच, ६१२ ग्रॅम चांदी. त्या आठवड्याच्या भावाने अठ्ठावन्न हजारांच्या पुढे. गरज भागून, कर्ज वजा जाऊन ज्याच्याजवळ एवढेही उरत नाही, त्याला जकात घेता येते.

फुफी विचारत होती ते स्वतःच्या घरातल्या सहा माणसांचा फित्रा देण्यासाठी. ती दरवर्षी देते. बांगड्या होत्या तेव्हा देत होती आणि आताही देणार होती. शरीयतच्या हिशेबाने आज ती देणाऱ्यांत बसत नाही, घेणाऱ्यांत बसते. हे तिला सांगायची आमची हिंमत झाली नाही.

आम्ही दरवर्षी जकात काढतो, अल्हम्दुलिल्लाह. पावती घेतो आणि मोकळे होतो. ती कुठे जाते ते नीट विचारत नाही. फुफीचे नाव आमच्या यादीत कधी नव्हते, कारण तिने हात पसरला नव्हता. आई-वडील आणि मुले-नातवंडे यांना आपली जकात देता येत नाही. आत्या, मावशी, भाऊ, बहीण गरजू असतील तर देता येते, आणि नात्यातल्या गरजूला देण्यात दुहेरी पुण्य मानले आहे. देताना ही जकात आहे असे सांगावेच लागते, असेही नाही. मनातली नियत पुरेशी असते. कल्याणला परतल्यावर आम्ही आमच्या मौलानांना विचारून खात्री करून घेतली.

मग आम्ही एवढेच केले. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाची फी किती, ती कधी भरायची, हे बहिणीकडून फोनवर काढून घेतले आणि ती रक्कम तिच्या खात्यावर पाठवली. कळवले, "तुझ्या प्रवेशाची ईदी, उशिरा देतोय." फुफीचा फोन आला. तिला काय कळायचे ते कळले असणार. तिने फक्त विचारले, "मग हा जूनमध्ये परत बसेल ना कॉलेजात?" आम्ही म्हटले, "तो तुमच्या हातात."

वाचकहो, जकातीने मजुरीची जागा घ्यावी असे आम्हाला वाटत नाही. बारा तास माग चालवणाऱ्या माणसाचे घर त्याच्या घामावर चालले पाहिजे, आणि तो प्रश्न कोणाच्या ईदीने सुटणारा नाही. पण तो सुटेपर्यंत आपल्याच नात्यातली एखादी वही अशी आहे का, हे रमजानच्या आधी पाहता येते. इफ्तारच्या ताटात एक पदार्थ कमी केला तरी तिथे अर्धा लिटर दूध पोहोचते.

परतताना चाळीसगावपर्यंत छोटी गाडी, तिथून मोठी. गोण्यांत डाळ, फुफीने बांधून दिलेले दोंडाईचाच्या मिरच्यांचे तिखट आणि भाभींची बोरे. तेलाचा डबा रिकामा नव्हता. फुफीने त्यात बट्ट्या भरून दिल्या होत्या.